उजेडाला धरलेली चादर

माझ्या थोरल्या साडूइतका निर्लज्ज मागणारा माणूस सोलापुरात दुसरा झाला नाही आणि आता होणारही नाही, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन. ज्याला पटत नसेल त्यानं आमच्या चर्चच्या मंडळीत जाऊन विचारावं. स्वतःसाठी त्यानं जन्मात कधी चहासुद्धा मागितला नाही. पण कुठं पूर आला, जमीन हादरली, वस्ती जळाली, की रविवारी उपदेश संपून पाळकसाहेब सूचना वाचायला लागले रे लागले, हा बाकावरून उठायचा. "दोनच शब्द बोलतो," म्हणायचा. त्या दोन शब्दांत निम्म्या मंडळीच्या घरी चुलीवरचं मटण करपायचं. पाळकसाहेबांचा उपदेश लोक फाटकापर्यंत विसरायचे. ह्याचे दोन शब्द पुढच्या रविवारपर्यंत कानात वाजायचे, कारण हा थेट माणसाकडं बघून बोलायचा. एकदा भर उपासनेत आमच्या नर्सबाईंना म्हणाला, "बाई, तुमच्या पेटीत लग्नातल्या चादरी घडी न मोडता पडल्यात. कुणासाठी ठेवल्यात? प्रभू येईल तवा काय पांघराय मागणार न्हाय." बाईंनी विचारलं, "माझ्या पेटीतलं तुम्हाला हो कसं ठाऊक?" हा म्हणाला, "आमची अक्का सांगती की." अक्का म्हणजे ह्याची बायको, माझ्या बायकोची थोरली बहीण; सगळे अक्का म्हणायचे म्हणून हाही म्हणायचा. ती त्या दिवशी तोंडावर पदर ओढून मागच्या दारानं घरी गेली.

मागणं एक वेळ सोसलं असतं, पण त्याचं घेणं त्याहून अवघड होतं. आणलेली प्रत्येक चादर तो चर्चच्या दारात दोन्ही हातांनी वर करून उजेडाला धरायचा आणि तिच्यातून सूर्याकडं बघायचा. एका निवृत्त हेडमास्तरांची चादर त्यानं अशीच वर धरली आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "मास्तर, ह्यातनं मला तुमचा चेहरा दिसतोय." मास्तर लालबुंद झाले. घरी जाऊन कोरी चादर घेऊन आले, ती त्याच्या अंगावर जवळजवळ फेकली आणि नाताळापर्यंत बोलले नाहीत. नाताळला मात्र करंज्यांचा डबा त्यांनीच पाठवला. त्याचा नेम एकच होता. "ज्याचं सगळं गेलं त्याला आपलं उतरलेलं द्यायचं न्हाय. एवढं वंगाळ दिवस आल्यावर तरी त्याच्या अंगावर नवं पडू द्या." फाटकं तो ज्याचं त्याला परत करायचा. कुणी मागं न बघता टाकून पळालंच, तर ते त्याच्या स्वतःच्या घरी जायचं. त्यामुळं त्याच्या घरात पांघरूण म्हणून जे काही होतं ते सगळ्या मंडळीची टाकून दिलेली चिरगुटं होती, आणि अक्का त्यांची वाकळ शिवून शिवून दमली होती. टीव्हीवर पुराची बातमी लागली की ती आधी कपाटाला कुलूप घालायची आणि किल्ली कमरेला खोचायची. मग पुराचं पाणी आसामात का असेना. मी एकदा त्यांच्याकडं जेवायला गेलो आणि कोट खुंटीला लावला. जेवून हात धुवून येतो तर खुंटी मोकळी. "दादा, माझा कोट?" म्हटलं. "मदतीचा टेंपो दारातच उभा होता की हो," म्हणाला, "आणि कोट चांगला होता."

मी चादरीच्या कारखान्यात उभा जन्म काढलेला माणूस. शाळा फार झाली नाही, पण सुताचं मला कुणी सांगू नये. त्याच्यापुढं मी मुद्दाम म्हणायचो, "दादा, मी विणलेल्या चादरीतनं उजेड जात न्हाय." तो हात पुढं करायचा. "मग द्या की पावणं." अशा माझ्या किती चादरी कुठल्या कुठल्या मुलखात गेल्या, देव जाणे.

मग पाणी त्याच्याच दारात आलं. म्हातारपणी दोघं सीनाकाठच्या गावी, त्याच्या वडिलांच्या दोन खोल्यांत राहायला गेली होती. नदी घरात शिरली आणि वाकळीसकट सगळं घेऊन गेली. दोघं एका पिशवीनिशी माझ्याकडं आली. पुढच्या रविवारी हा सवयीनं उठला. गावातल्या कुणाचं काय वाहून गेलं ते घरवार सांगितलं. सुताराची विधवा सून, खाटकाचं बिऱ्हाड, देवळाचा गुरव, कुणी सुटलं नाही. स्वतःचं घर तेवढं सुटलं. बायकांच्या बाजूनं अक्का सगळ्यांना ऐकू जाईल अशी कुजबुजली, "आता एक आपल्या नावानं बी मागा की." त्यानं ऐकलं. "आमेन," म्हणाला आणि खाली बसला.

घर धुऊन तिथंच परत जायचं त्याच्या मनात होतं, आणि पुढं थंडी होती. मी पेटीतली कोरी चादर काढून दिली. त्यानं उजेडाला धरली, "झकास विणलीय पावणं," म्हणाला आणि गावाकडं निघालेल्या मदतीच्या टेंपोत टाकली. मी दुसरी दिली. तीही टेंपोत. "दादा, तुमाला दिली ती." "व्हय, मलाच दिली की. माझी झाली म्हनूनच तर देतोय." अक्का उंबऱ्यावर बसून नुसती बघत होती.

तेव्हा मी घरात गेलो, दार लावलं आणि बायकोची कात्री घेतली. एक धागा तुटला तरी माग थांबवणारा मी, आणि धडधाकट चादरीला कात्री लावली. मधोमध चार बोटांचं भोक पाडलं आणि चादर नेऊन त्याच्या हातात दिली. त्यानं वर धरली. उन्हाचा कवडसा त्याच्या नाकावर पडला. त्यानं भोकात बोट घातलं, कडेनं फिरवलं.

"उंदराचं काम न्हाय हे."

"असंल."

"उंदीर इतकं सरळ कापत न्हाय, पावणं."

मी टेंपोकडं बघत राहिलो. त्यानं चादर सावकाश झटकली, घडी घातली. "ही काय पाठवता यायची न्हाय," म्हणाला आणि काखेत मारली. तो जिंकला का मी, हे मला अजून कळलेलं नाही. अक्कानं तेवढं तोंड फिरवून डोळे पुसले.

पुढं तिचा फोन आला, की जन्मात पहिल्यांदा हा माणूस उन्हं वर येईपर्यंत झोपतो. मला बरं वाटलं. नाताळला दोघं आमच्याकडं आली तेव्हा चादर बरोबर होती. ते भोक माझ्या बायकोला बघवेना. मी बाजारात गेलो होतो, नाहीतर तिच्या हातातली सुई काढून घेतली असती. तिनं रंगाचा रंग जुळवून असं रफू केलं की माझ्यासारख्यालाही जागा सापडू नये. जानेवारीत त्यांच्या गावाजवळ ऊसतोड्यांच्या खोपी जळाल्या. ह्यानं ती चादर उजेडाला धरली. उजेड आला नाही. "आता ही देता येती," म्हणाला आणि देऊन आला. अक्कानं तेव्हा आम्हाला कळवलं नाही. थंडी सरायच्या आत तो गेला, तेव्हा सांगितलं. डॉक्टर वयाचं कारण देतो. असेलही.

आता चर्चमध्ये मदतीची हाक मोबाईलवर येते. दारात एक खोका ठेवलेला असतो. लोक येतात, घडी आत सारतात आणि स्वयंपाक करपायच्या आत घरी पोचतात. उजेडाला कुणी काही धरत नाही. खोक्यात काय काय पडतं ते मी बघतो आणि गप्प बसतो. दारात उभं राहून माणसाला स्वतःचा चेहरा दाखवायचा त्याचा वकूब माझ्यात नाही.

माझी बायको अजून स्वतःच्या सुईला बोल लावते. मी तिला सांगतो, सुईनं सुईचं काम केलं. हात आखडला तो माझा. विणकराचा हात, सूत वाचवायला बघतो. भोक मोठं पाडायला पाहिजे होतं. कुठल्याच बाईला शिवता येणार नाही, एवढं.