दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं

रविवारी दुपारी सबनीसांचा डोळा लागतो तेव्हा छातीवर पुस्तकाची प्रुफं असतात, हातात पेन्सिल आणि पोटात दोन वाट्या श्रीखंड. जुन्या इंग्रजी रॉक रेकॉर्डींवर त्यांनी तीन वर्षं वर्तमानपत्रात लेख लिहिले, लोकांनी कात्रणं जपली, आता त्याचं पुस्तक होतंय. शेवटचं, आभाराचं पान तेवढं कोरं आहे. कोणाचे मानायचे ते काही ठरत नाही. वर पंखा फिरतोय, फिरता फिरता काळा होतोय, आणि त्याच्या मधोमध लाल लेबल आहे.

ते देवळाली कॅम्पात दिगूच्या खोलीत बसलेत. दिगू हिरे पलंगावर मांडी घालून रेकॉर्ड पुसतोय. त्याला जाऊन चार वर्षं झाली हे सबनीसांना पक्कं माहीत आहे, पण विषय काढणं बरं दिसत नाही.

"लेख वाचले तुझे," दिगू म्हणतो. "छान आहेत. माझेच आहेत."

बदली झालेले लष्करी अधिकारी सामान विकून जायचे, तेव्हा दिगू सगळ्यांच्या आधी रेकॉर्डींपाशी हजर. प्रत्येक कव्हरात तो एक चिठ्ठी घालायचा: कुठलं गाणं कसं वाटलं, कुठे अंगावर काटा आला. तो गेल्यावर त्याच्या बायकोने, शैलजावहिनींनी, अख्खा खोका सबनीसांना दिला. "तुम्हीच ऐकायचात ना बरोबर," म्हणाल्या. सबनीसांनी चिठ्ठ्या आधी वाचल्या, मग उतरवल्या, मग खाली आपलं नाव घातलं. मढ्याच्या टाळूवरचं लोणी म्हणतात ते हेच, आणि सबनीसांना ते पचलंही.

"तू गेलास रे. कोणीतरी लिहायला हवंच होतं."

"माझं नाव घालून लिहिता आलं असतं."

खोलीत आता खुर्च्यांच्या रांगा आहेत. सबनीस व्यासपीठावर, खांद्यावर शाल. दिगू पहिल्या रांगेत, इस्पितळाच्या हिरव्या कपड्यांत. बसलाय लांब, आवाज मात्र कानाशी येतो.

"ती काळ्या कव्हरची रेकॉर्ड. दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं. गाणारा अर्ध्या ओळीत थांबतो आणि एकदम पुढच्या कडव्यात जातो. त्याने दुःख गिळलं, असं लिहिलंयस तू."

"लोक रडले ते वाचून. पुस्तकाला नावही त्याच लेखाचं दिलंय."

"तो थांबत नाही रे कुठे. तिथे ओरखडा आहे. दुसरी प्रत तू कधी ऐकलीच नाहीस."

"मग चिठ्ठीत तसं का लिहिलंस?"

"सुई तुझ्या हातून घसरली होती, एकोणऐंशी साली. रडवेला झाला होतास. तुला वाईट वाटू नये म्हणून लिहिलं, आणि तुलाच वाचून दाखवलं. विसरलास?"

सबनीस खरंच विसरले होते. आता आठवतं आणि मान वर करवत नाही. आणि दिगूचा रागही येतो. मेल्यावरसुद्धा माणसाने इतकं चांगलं असू नये.

"पुस्तकात नाव येईल माझं?" दिगू विचारतो.

"शेवटच्या पानावर. घालतो, नक्की."

"लिही मग. मी बघतो."

सबनीस लिहितात. दिगू जवळ येऊन वाकतो, त्याच्या अंगाला स्पिरिटचा वास आहे. "ठीक," एवढंच म्हणतो, आणि कुठेतरी फोन वाजायला लागतो.

फोन प्रकाशकांचा, नेर्लेकरांचा. साडेचार झालेत. "सबनीस, ते आभाराचं तेवढं सांगून टाका. उद्या छपाईला जातंय."

सबनीस पान बघतात. कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहिलंय: दिगंबर हिरे. अक्षर त्यांचंच आहे. हे नाव छापलं की लोक विचारणार, हे कोण, यांचे आभार कशाबद्दल. शैलजावहिनी तर विचारणारच.

"ऐकताय ना?" नेर्लेकर म्हणतात.

"हो. आभार ना... आमच्या सौभाग्यवतींचे घाला."

फोन ठेवून ते खोडरबर शोधतात आणि नाव खोडून काढतात. पेन्सिल चांगलीच दाबली गेली होती. बोट फिरवलं तर एकेक अक्षर अजून हाताला लागतं. सबनीस पान उलटतात. मागूनही लागतं.