पावणेआठचे दिवे

जुन्या शहराच्या तटावर फिरायला येणारे लोक त्यांना बटणराव म्हणत. पालिकेच्या दप्तरी ते वायरमन होते. पण तटावरच्या चौसष्ट दिव्यांचं एकुलतं एक बटण त्यांच्या ताब्यात, म्हणून हे नाव पडलं आणि चिकटलं. बुरुजाच्या पोटात एक खोली, खोलीत लोखंडी पेटी, पेटीला कुलूप आणि किल्ली बटणरावांच्या कमरेला. संध्याकाळी साडेसहाला दिवे लावायचे, असा लेखी आदेश होता. हिवाळ्यात तो शहाणपणाचा वाटे. उन्हाळ्यात मात्र साडेसहाला लख्ख ऊन असे आणि चौसष्ट दिवे सूर्याला वाट दाखवत उभे राहत. बावीस वर्षांत याबद्दल कोणी चकार शब्द काढला नव्हता. बटणरावांनीही नाही.

त्या उन्हाळ्यात त्यांच्या बायकोचा पाय मोडला. प्लास्टर निघाल्यावर डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. घरच्या दोन खोल्या पत्र्याखाली, दिवसभरात त्यांची भट्टी व्हायची. म्हणून ती काठी टेकत नवऱ्याबरोबर तटावर आली. घरापासून तट दहा मिनिटांवर. पण ‘जाऊ कधीतरी’ म्हणता म्हणता तिचं जाणं राहूनच गेलं होतं.

ती बाकावर बसली. खाली नदीचं वळण, त्यावर तीन कमानींचा दगडी पूल, पलीकडे कौलांची दाटी. वारा असा, की तिने पदर दोनदा खोचला. सूर्य टेकला, पाणी तांब्याच्या भांड्यासारखं झालं, आणि आता पुढे काय होतं म्हणून ती सरसावून बसली, तोवर समोर काहीच उरलं नाही. उन्हात न जाणवलेला डोक्यावरचा दिवा आता झगझगत होता आणि दिव्याभोवती किडे.

“अहो, नदी कुठे गेली?”

“तिथेच आहे.”

“मग दिसत का नाही?”

“दिवे लागलेत ना. डोळ्यांवर उजेड आला की पलीकडचं दिसत नाही.”

“कोणी लावले?”

बटणरावांनी आजूबाजूला पाहिलं. “मी.”

“कशाला?”

“आदेश आहे.”

“आदेश काढणारा कधी इथे येऊन बसला होता का?”

बटणरावांना हे ठाऊक नव्हतं. त्यांनी तीन दिवस विचार केला. चौथ्या दिवशी साडेसहाला पेटी उघडली, बटणावर हात ठेवला, हात काढला, पेटी बंद केली आणि ते बायकोशेजारी येऊन बसले. कामाच्या वेळी बसायची सवय नव्हती, त्यामुळे टेकले ते बाकाच्या अगदी कडेवर.

त्या संध्याकाळी नदी पुरती काळी व्हायला बराच वेळ लागला. आधी तांबडी, मग जांभळी, मग शाईसारखी. पुलाच्या कमानींतून पाकोळ्या आत-बाहेर करत होत्या. तटावरची माणसं आपोआप हळू आवाजात बोलू लागली. बटणरावांनी पावणेआठला दिवे लावले, तेव्हा कोणीतरी हळहळलं.

असं नऊ दिवस चाललं. दहाव्या दिवशी तक्रार गेली. केली एका निवृत्त हेडक्लार्कने. ते रोज सातव्या दिव्याखाली पेपर वाचत आणि अग्रलेखाच्या मधेच अंधार पडू लागला होता. तक्रार तीन प्रतींत होती.

बटणरावांकडून खुलासा मागवला. त्यांनी लिहिलं, ‘दिवे उशिरा लावले हे खरे आहे. नदी दिसावी म्हणून वेळेवर लावले नाहीत.’

एवढ्या खुलाशाने कोणाचं समाधान होईना. चौकशीला अभियंतासाहेब आले, बगलेत फाईल घेऊन. बटणरावांची बायको बाकावर थोडी सरकली. “बसा ना साहेब, उभ्याने काय चौकशी करणार?”

साहेब बसले. पावणेआठपर्यंत त्यांनी फाईल उघडली नाही. जाताना म्हणाले, “एका दिवसात निष्कर्ष काढणं बरोबर नाही.”

चौकशी अकरा दिवस, रोज संध्याकाळी चालली. चौथ्या दिवशी साहेबांनी आपल्या बायकोला आणलं, सातव्या दिवशी आईला, तिच्या उशीसकट. म्हातारीने सूर्य बुडेपर्यंत कोणाला बोलू दिलं नाही. फाईल उशीखाली होती.

मग निकाल आला. विनापरवानगी वेळ बदलल्याबद्दल बटणरावांना सक्त ताकीद. उन्हाळ्याच्या चार महिन्यांत दिवे पावणेआठला. सातवा दिवा मात्र स्वतंत्र तारेवर, साडेसहालाच. ती तार बटणरावांनी स्वतः ओढली. शिडी हेडक्लार्कांनी धरली आणि काम कसं करावं हे ते खालून सांगत राहिले. दिव्यावर पत्र्याची झापड बसवा, म्हणजे उजेड पेपरापुरताच पडेल, ही सूचनाही त्यांचीच. ती चांगली निघाली, याचं बटणरावांना थोडं वाईट वाटलं.

नव्या आदेशाच्या पहिल्या दिवशी तटावर पाय ठेवायला जागा नव्हती. ढगांमुळे आभाळ खूप वेळ पेटलेलं राहिलं. पावणेआठ झाले तरी पश्चिमेला केशरी पट्टा होताच. बटणराव उठले.

“अजून पाच मिनिटं!” लोक ओरडले. साहेबांच्या आईचा आवाज सगळ्यांत मोठा.

बायकोने त्यांची बाही धरली. “अहो, पाचच मिनिटं.”

“लेखी आहे,” बटणराव म्हणाले. त्यांनी बाही सोडवली, खोलीत गेले आणि बटण दाबलं.

घर येईपर्यंत बायको त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही. काठी न टेकता मात्र चालली, आणि त्यांच्या दोन पावलं पुढे.