मार्का मारणाऱ्याचा हात

जळगावच्या ज्या जिनिंगमध्ये मी कापसाच्या गाठींवर मार्का मारायचो, तिथंच माझा साडू ऑफिसात क्लार्क होता. माझ्या बायकोची धाकटी बहीण त्याला दिलेली. तो बी.कॉम., मी चौथी. तो पिंप्राळ्याच्या कॉलनीतून स्कूटरवर यायचा, मी असोद्याहून सायकलवर. एवढं मी पचवलं होतं. टेबल टेनिस मात्र पचलं नाही, ते आजही नाही.

शेठचा मुलगा पुण्याहून शिकून आला आणि त्याने रिकाम्या गोदामात टेबल मांडलं. कापसाचा सीझन दिवाळीनंतरचा, तोवर गोदामही मोकळं आणि आम्हीही. मार्का मारताना अक्षरं कोरलेला पत्रा गाठीवर ठेवायचा आणि शाईचा जाड ब्रश चिमटीत धरून वरून ठोकायचा, दांडा वर, केस खाली. बॅट हातात आली तेव्हा माझ्या हाताने ती तशीच धरली. बाकीचे सगळे हस्तांदोलन करावं तशी धरायचे.

"भाऊ, चेंडूवर मार्का मारताय का?" साडू विचारायचा. गोदाम हसायचं. त्याच हाताने मी त्याला किती वेळा हरवलं, ते हसताना कुणाला आठवायचं नाही.

दर हिवाळ्यात धुळ्याला जिनिंगवाल्यांचे सामने असत. एका जिनिंगचा एकच माणूस. मला तिथं जायचं होतं. दुसरं काहीच मागितलं नव्हतं मी. दोन वर्षं साडूच गेला. शेठचा मुलगा मला म्हणाला, "भाऊ, तुम्ही जिंकता, पण ते बघायला बरं दिसत नाही. धुळ्याला लोक हसतील. आधी बॅट धरायला शिका." मी शिकलो नाही. कुणी शिक म्हटलं की माझं डोकं तिथंच अडतं.

मग सोलचं ऑलिंपिक आलं. टेबल टेनिस त्यात पहिल्यांदाच घेतलं होतं. साडूने रंगीत टीव्ही आणलेला, त्याने अर्धं जिनिंग घरी बोलावलं. मी जाणार नव्हतो. बायको म्हणाली, "बहिणीचं घर आहे, मी जाणार," म्हणून गेलो आणि दाराशी बसलो. शेवटचा सामना कोरियाच्याच दोघांचा होता. त्यातला एक डावरा. कॅमेरा जवळ गेला आणि मी बसल्या जागी पुढे वाकलो. दोघांनीही बॅट चिमटीत धरली होती, फळी खाली.

माझी बायको साक्रीकडची. ती हळूच तिच्या बोलीत म्हणाली, "हाऊ तं तुमनाच हात शे."

खोलीतल्या चार-सहा माना माझ्याकडे वळल्या. मी साडूकडे बघत होतो. हा भाऊंचाच हात, असं त्यानेही म्हणावं, एवढंच पाहिजे होतं. तो शेठच्या मुलाकडे वळला आणि म्हणाला, "ही चीन-जपानकडची पद्धत. मी वाचलंय हिच्याबद्दल. मनगटाचं काम असतं सगळं." मग तो कितीतरी वेळ मनगटावर बोलत राहिला. शेठचा मुलगा मान डोलवत होता. मेव्हणीने दिलेला चहा मी तसाच ठेवून उठलो.

आठवडाभरात साडू गोदामात चिमटीने खेळायला लागला. कुणी हसलं नाही. माझ्या हातात जे गावठी होतं, ते त्याच्या हातात गेल्यावर कोरियाचं झालं.

त्या वर्षी शेठचा मुलगा म्हणाला, "दोघं खेळा. जिंकेल तो धुळ्याला." एकवीस पॉइंटचे तीन डाव ठरले. साडूचा नवा हात कच्चा होता, उजवीकडचा चेंडू बरा जायचा, डावीकडे आला की त्याचा कोपर अडायचा. मी माझ्या हाताने खेळलो असतो तर त्याला दहाच्या पुढे जाऊ दिलं नसतं. पण टेबलासमोर उभा राहिलो आणि तो तसा चिमटीत बॅट धरून वाकलेला दिसला. त्याच्यासारखा मी दिसणार, आणि लोक म्हणणार, भाऊही आता साडूसारखं खेळतात. मी बॅट फिरवली आणि हस्तांदोलनासारखी धरली.

"भाऊ, काय करू राहिले हे?" हमालांपैकी कुणीतरी बोललं.

"मला दोन्ही येतं," मी म्हणालो.

मला दोन्ही येत नव्हतं. सरळ दोन डाव हरलो.

धुळ्याला जायच्या आदल्या दिवशी साडू असोद्याला आला. ओट्यावर बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "भाऊ, डाव्या बाजूचा चेंडू या हाताने कसा घेता तुम्ही? मला जमत नाही." खांदा आधी फिरवायचा आणि पाय मागे घ्यायचा, म्हणजे मनगट आपोआप मोकळं होतं. दोन वाक्यांचं काम. मी म्हणालो, "त्यात सांगण्यासारखं काय आहे? तुम्ही तर वाचलंय." तो उठला आणि स्कूटरला किक मारून गेला. बायको त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही.

धुळ्याला तो पहिल्याच सामन्यात हरला. ऐकलं तेव्हा मला गोड वाटलं, लपवत नाही. दुसऱ्या दिवशी गाठी दाबायच्या प्रेसपाशी मी मार्का मारत होतो, तेव्हा तो शेठच्या मुलाला घेऊन तिथं आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "तो हात माझा नाही, भाऊंचा आहे. ह्यांना पाठवायला पाहिजे होतं. माझं चुकलं."

जे ऐकायला मी तीन वर्षं कान लावून होतो, ते सगळं एका दमात मिळालं. पण लोक बघत होते ते त्याच्याकडे. हमाल म्हणाले, "क्लार्कसाहेब मनाचा मोठा माणूस." हरून आला होता तो, आणि मोठाही तोच झाला.

शेठचा मुलगा म्हणाला, "मग पुढच्या वर्षी भाऊ, तुम्ही."

"मला नाही जायचं," मी म्हणालो.

"का?"

मी पत्रा पुढच्या गाठीवर सरकवला. साडूच्या तोंडून मिळालेली जागा घेऊन मी धुळ्याला उभा राहणार नव्हतो. दोघं ऑफिसकडे गेले. पुढच्या हिवाळ्यात परत साडूच गेला, जुन्या हाताने, आणि दोन सामने जिंकून आला.