मधला शंकू

आमच्या कला विभागात भट्टी एकच, आणि ती काकांच्या डोळ्यांवर चालायची. हे मी कौतुकानं सांगत नाही. विद्यापीठाच्या माहितीपत्रकात 'अद्ययावत स्टुडिओ' असं छापलेलं असायचं. त्या अद्ययावत स्टुडिओत भट्टीचं तापमान दाखवणारा मीटर चौदा महिने बंद होता. मी दर महिन्याला अर्ज करायचो आणि खरेदी विभाग दर महिन्याला त्यात नवी चूक काढायचा. दोन्हीकडून कागदी घोडे झकास नाचत होते.

काका हुद्द्यानं मदतनीस. बुटके, रुंद, उजव्या भुवईचे केस कायमचे जळून गेलेले. मी इथं विद्यार्थी होतो तेव्हा मला 'गाढवा' म्हणायचे; शिक्षक झालो त्या दिवसापासून 'सर' म्हणायला लागले, पण सूर तोच. माती मळून ठेवायला, चाकाचा पट्टा बदलायला, रडणाऱ्या पोरापोरींना चहा पाजायला तेच. आणि भट्टी लावायलाही तेच.

मीटर नसला तरी भट्टी लावायची जुनी रीत आहे. चढत्या उष्णतेला एकेक करून वाकणारे, मातीचे बोटाएवढे तीन शंकू आत ओळीनं उभे करायचे आणि दाराच्या भोकातून त्यांच्याकडे बघत राहायचं. पहिला वाकला की सावध व्हायचं. मधला वाकला की गॅस बंद. तिसराही वाकला, तर आतल्या कामाचा नाद सोडायचा. काका त्या पांढऱ्या आगीत उघड्या डोळ्यांनी बघायचे. काळा चष्मा दिला तर बाजूला भिरकावायचे. "काचेतून रंग खोटा दिसतो," म्हणायचे. दुसरा नियम त्याहून कडक होता: भट्टीत एकाच माणसानं बघायचं. दोघांनी बघितलं की वाद होतो, आणि वाद संपेपर्यंत गॅस चालूच राहतो. तीस वर्षांत त्यांच्या हातून एकही भट्टी बिघडली नव्हती, त्यामुळे नियम मोडायची कुणाची छाती नव्हती.

परीक्षेच्या महिनाभर आधी काकू विभागात आल्या. खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत.

"सर, यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. घरात मला सून समजून हाक मारतात. डॉक्टर म्हणाले, आगीकडे बघून बघून झालंय. ऑपरेशन करा, आणि परत आगीसमोर जाऊ नका. तुम्ही सांगा ना त्यांना. तुमचं ऐकतील."

"परीक्षा होऊ द्या काकू," मी म्हणालो. "मग बघू."

वेळ मारून नेली मी, दुसरं काही नाही. काकांना हलवलं असतं तर भट्टी बंद पडली असती, परीक्षा लांबली असती आणि जाब मला द्यावा लागला असता. काका स्वतःहून एक अक्षर बोलले नाहीत. भट्टी गेली की झेरॉक्सच्या खोलीत बसवतील, हे त्यांना ठाऊक होतं.

त्या वर्षी शेवटच्या वर्षाला एक मुलगी होती. आईला घेऊन तिनं दवाखान्याच्या बाकड्यांवर दीड वर्ष काढलं होतं, आणि त्यातून तिच्या हातून अकरा बायका झाल्या. मातीच्या, गुडघ्याएवढ्या, नंबर येण्याची वाट बघत बसलेल्या. कुणी पदराआड जांभई देतेय, कुणी हातातला कागद परत परत वाचतेय. इतकं चांगलं काम माझ्या वर्गात त्याआधी कुणी केलेलं नव्हतं. सोमवारी परीक्षा होती. भट्टीसाठी रांग इतकी, की तिला एकच दिवस मिळाला, बुधवार. अकराच्या अकरा जणी एकाच वेळी आत गेल्या. तिची पदवी त्यांच्यावरच होती.

बुधवारी दुपारी तीनच्या सुमाराला मी डोकावलो. काका गॅसची चावी बघायला मागच्या बाजूला गेले होते आणि मुलगी भोकाशी वाकली होती.

"काका, मधला वाकलाय!" ती ओरडली.

काका तरातरा आले. तिला हातानं बाजूला सारून त्यांनी डोळा लावला. बराच वेळ बघितलं. डोळ्यांतून पाणी गळत होतं.

"उभा आहे. दिसतोय मला. आणि तू कशाला बघितलंस?"

"काका, तो तिसरा आहे हो. मधला पार झोपलाय."

"भट्टी तू लावतेस का मी?"

ती माझ्याकडे वळली. "सर, तुम्ही बघा ना. एकदाच."

चार पावलं चालायचं आणि वाकायचं, एवढंच होतं. शंकू उभा की आडवा, हे कुणालाही कळलं असतं. पण मी बघितलं असतं तर काकांचे डोळे गेलेत हे तिथंच, तिच्यासमोर, मान्य करावं लागलं असतं. आणि मला ते महिनाभर माहीत होतं, हेही. मला भीती वाटली. मी म्हणालो, "काका म्हणतायत ना उभा आहे? मग झालं."

गॅस आणखी पाऊण तास चालू राहिला.

शुक्रवारी दार उघडलं. अकरा जणी एकमेकींत वितळून फळ्यांना चिकटल्या होत्या. कुठं एखादा खांदा ओळखू येत होता. काकांनी आत हात घातला आणि त्या गोळ्यावरून तो सावकाश फिरवला. मग म्हणाले, "पोरी, मला दिसलाच नाही गं." मुलगी रडलीसुद्धा नाही. मला मात्र तिथं उभं राहवेना.

आठवड्याच्या आत नवा मीटर आला. त्याच आठवड्यात चौकशी समिती बसली. काकांना खुर्ची दिली नव्हती. ते भिंतीला पाठ टेकून उभे होते.

"पोरीनं मला सांगितलं होतं," ते म्हणाले. "मी ऐकलं नाही. चूक माझी एकट्याची. सर तेव्हा तिथं नव्हते."

मी खुर्चीतच बसून राहिलो. अध्यक्षांनी मुलीला विचारलं, "बरोबर आहे हे?"

तिचं वर्ष वाया गेलं होतं. पुढचं सगळं वर्ष तिला माझ्याच हाताखाली काढायचं होतं, गुणही मीच देणार होतो. तिनं आधी माझ्याकडे बघितलं, मग काकांकडे.

"हो," ती म्हणाली. "सर नव्हते."