दुधातून काढलेली ऊब

"आपल्या गावचे सुपुत्र स्वीडनला गेले, तिथे उष्णता-पंपाचे शास्त्र शिकले आणि त्या ज्ञानाचा पहिला लाभ त्यांनी आपल्या दूध संस्थेला करून दिला. शीतकेंद्रातील गरम पाण्याची सोय ही त्यांचीच परदेशी देणगी होय."

संस्थेच्या स्मरणिकेत छापून आलेला हा मजकूर माझ्याविषयी आहे, माझ्या स्तुतीचा आहे आणि खोटा आहे. स्मरणिकेचे संपादक दिगंबर गुरुजी यांना मी तत्काळ फोन केला. ते हसले. "अहो, कौतुकच केलंय तुमचं. कौतुकाशी कुणी भांडतं का?"

मी भांडतो. कारण हे कौतुक माझ्या मायचे आहे आणि तिचे नाव, कौसाबाई, त्या स्मरणिकेत एकदाही आलेले नाही.

मी गाव सोडले ती सकाळ मला स्वच्छ आठवते. तामलवाडीच्या पलीकडच्या आमच्या गावात, शीतकेंद्राच्या अंगणात निरोप झाला. दुधाच्या यंत्रांच्या एका कंपनीने मला स्वीडनला बोलावले होते. संस्थेच्या अध्यक्षांनी हार घातला. फोटोसाठी माणूस थेट धाराशिवहून आणला होता. माय मात्र पुढे येईना. "म्या हितंच बरी. कॅन धुवायच्या राह्यल्यात अजून," म्हणाली आणि मागे भिंतीशी, आपल्या कामाच्या जागीच उभी राहिली. मग एसटी आली. बोलायचे होते ते राहूनच गेले.

बहात्तरच्या दुष्काळात हीच बाई रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. पुढे गावोगावचे दूध गोळा करणारी संस्था उभी राहिली, शीतकेंद्र आले आणि मायला तिथे कॅन धुण्याचे काम लागले. मी आयटीआय करून त्याच केंद्रात मेकॅनिक झालो. कॅन धुवायला कढत पाणी लागे. लाकूड मात्र कुठेच नव्हते, दुष्काळाने बाभळीदेखील शिल्लक ठेवल्या नव्हत्या. पहाटे उठून माय काटक्या वेचत रानभर फिरे आणि मग कामावर येई.

एके दिवशी दूध थंड करणाऱ्या यंत्राच्या कंप्रेसरमधून निघणाऱ्या पाइपाच्या वळणावर मला पाण्याने भरलेला डबा ठेवलेला दिसला. अमोनियाचा तो पाइप म्हणजे खेळण्याची वस्तू नव्हे. मी ओरडलो, "माय, हे काय मांडलंस?"

"पानी तापतंय," ती शांतपणे म्हणाली. "ह्यो पायप एवढा कशानं तापतो रं?"

मी मेकॅनिकच्या तोऱ्यात व्याख्यान दिले. यंत्र थंडी तयार करत नाही. नळ्यांमधला अमोनिया उकळतो, तेव्हा तो दुधातली उष्णता शोषून घेतो. कंप्रेसर त्याची वाफ दाबतो, त्यामुळे ती आणखी तापते आणि ती सारी उष्णता आपण बाहेर टाकतो.

मायने डब्याकडे बोट दाखवले. "म्हंजी दुधातली ऊब काढून वाऱ्यावर सोडता व्हय? आन् म्या लाकडं हुडकत हिंडती. टाकायचीच हाय तर माझ्या पान्यात टाक की!"

हे वाक्य ऐकले तेव्हा मला स्वीडन नकाशावर दाखवता आला नसता.

त्या पाइपावर आम्ही एक जाड पाइप चढवला, दोहोंच्या मधल्या पोकळीत पाणी खेळवले, वरून गोणपाट गुंडाळले आणि खाली नळ बसवला. जोडणी माझी, हे मी नाकारत नाही. जोडकामाला बोलावलेला वेल्डर मला खिजवत म्हणाला होता, "लई शाना झालास गड्या!" पहिली बादली भरली, तेव्हा त्यानेच आधी बोट घातले आणि झटकन मागे घेतले. त्या दिवसापासून मायचे काटक्या वेचणे थांबले.

स्वीडनमध्ये कंपनीच्या इमारती तापवणारा उष्णता-पंप मी पहिल्यांदा पाहिला, तेव्हा शिकवणारे साहेब तीन दिवस समजावणार होते. मला तासाभरात कळले, कारण तो आमचाच पाइप होता, फक्त नीटनेटका. आपल्याकडे पाण्यासाठी खडकात बोअर घेतात, इथे उबेसाठी घेतात. खोल खडक आपल्या विहिरीच्या पाण्याहूनही गार असतो, तरी बर्फाळ हवेच्या मानाने उबदारच. त्याची ऊब बोअरमधल्या नळ्यांतून पंपाकडे येते, पंप ती चढवून घराघरातल्या भिंतींवरच्या, खोली तापवणाऱ्या रेडिएटरना देतो. मोटेवरच्या बैलांनी पाणी तयार केले, असे कोणी म्हणत नाही. ते विहिरीतच असते, बैल ते वर काढतात. विजेचे कामही तेवढेच. म्हणून एक भाग वीज जाळून तीन भाग ऊब मिळते. उन्हाळ्यात एक झडप फिरवली की तेच यंत्र उलटे चालते, खोल्यांतली उष्णता काढून खडकाला परत देते. इतके काटकसरी यंत्र माणसाने क्वचितच घडवले असेल. त्याचे कौतुक करताना मी अजून थकलेलो नाही.

गुरुजींनी फोनवर शेवटी विचारले होते, "पण कॅन धुणाऱ्या बाईला त्यातलं काय कळणार?" त्यांना माझे उत्तर एवढेच की, आम्ही शिकलेले सगळे त्या तापलेल्या पाइपाजवळून रोज जात होतो; तिथे डबा ठेवावासा वाटला तो तिला.

माय जाऊन बरीच वर्षे झाली. माझी नातवंडे इथलीच भाषा बोलतात. घर कुठले, असे कोणी विचारले की माझ्या मनात ना इथला फ्लॅट येतो, ना गावातली जागा. कुठल्याही इमारतीच्या तळघरातले हे यंत्र सुरू झाले की मी आधी पाइपावर हात ठेवतो. तो तापू लागला की मला घरी आल्यासारखे वाटते.

स्मरणिकेची दुसरी आवृत्ती निघणार आहे म्हणे. तिच्यात कौसाबाईचे नाव छापावे. पुरावा हवा असेल तर गुरुजी, तुम्हीच त्या मजकुराशेजारी छापलेला निरोपाचा फोटो पाहा. मी हार घालून उभा आहे, बॅग पायाशी आहे, एसटी अजून आलेली नाही. मागे भिंतीशी माय आहे, तिचा हात गोणपाटातून निघालेल्या नळावर आहे आणि खालच्या बादलीतून वाफ निघते आहे.