उस्तादाला न दिलेली माफी

उमरखेडच्या गॅरेजात ज्या माणसानं मला वेल्डिंग शिकवलं, त्यानंच पुढे डिझेलच्या टाकीत चोरकप्पा करायलाही शिकवलं. मग गांजा भरलेली गाडी चालवायला. आम्ही सगळे त्याला उस्ताद म्हणायचो. माल तेलंगणातून यायचा. धंद्याची एक रीत होती: मोठा ट्रक सुखरूप काढायचा असेल, तर एखादी छोटी गाडी पोलिसांना आपणच दाखवून द्यायची. पोलीस तिच्यात गुंतले की मागून ट्रक निघून जातो. केळापूरजवळ धरलेली ती छोटी गाडी माझी होती. खबर उस्तादानंच दिली, हे मला तुरुंगात त्याच्याच एका ड्रायव्हरनं हसत हसत सांगितलं.

मी आत असताना अम्मी गेली. मातीलाही मला सोडलं नाही. माझ्या जागी उभं राहून कबरीत पहिली मूठ उस्तादानं टाकली. हे ऐकलं तेव्हा अंगाचा तिळपापड झाला. आजही होतो.

सुटून आलो, धंदा सोडला, वेल्डिंगचं छोटं दुकान टाकलं. त्याला कसं मारायचं याचे मनात हजार बेत केले, पण हात लावला नाही. आणि यंदा उस्ताद हजला निघाला. निघण्याआधी दारोदार जाऊन माफी मागायची असते आमच्यात. तो आपल्या पायानं माझ्या दुकानाच्या पायरीवर आला. गळ्यात हार, मागे भाईबंद.

"बेटा, कहा-सुना माफ कर दे."

"क्या माफ करूँ, वो बोलो ना उस्ताद. सबके सामने बोलो."

तो गळ्यातला हार चाचपू लागला. शेजारचा चहावाला मधे पडला, "काहून इतका ताणून राह्यला बे? म्हातारा मानूस हाये, टाक सोडून."

"तुले काय जाते? तुही माय नोती गेली."

उस्तादानं हात जोडले. मी म्हणालो, "हज को जाओ. मैंने माफ नहीं किया." त्याचा चेहरा पडला. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

परवा मक्केहून त्याचा फोन आला. मागे गर्दीचा कल्ला, आणि उस्ताद रडत होता.

"अब तो बोल दे बेटा. एक बार."

मी फोन न कापता टेबलावर ठेवला, ग्राइंडर सुरू केला आणि गेटचे गज घासायला घेतले. त्यानंही बराच वेळ फोन कापला नाही. अम्मीनं शेवटी माझ्या नावाचा धोशा लावला होता म्हणतात. तिलाही कुणी ओ दिली नव्हती.