आर्टिकलशिपच्या मुलाखतीतलं एक वाक्य

कायद्याची परीक्षा पास झालो तेव्हा आम्ही अंबरनाथ पश्चिमेला दोन खोल्यांत राहत होतो. वडील कारखान्याच्या ऑफिसात हेडक्लार्क होते. मुलगा वकील झाला याचा त्यांना आनंद होता, पण तेवढ्यावर त्यांचं समाधान नव्हतं. त्यांना मी सॉलिसिटर व्हायला हवा होतो. त्यासाठी मुंबईतल्या एखाद्या सॉलिसिटर फर्ममध्ये तीन वर्षं आर्टिकल्ड क्लार्क म्हणून काम शिकावं लागे, आणि मग परीक्षा. फर्ममध्ये शिरकाव होणं हेच सगळ्यात अवघड. तिथे बहुतेक जागा कुणाच्या तरी मुलाला, पुतण्याला, जावयाला जात. आमच्या घराण्यात कोर्टाची पायरी चढलेला मी पहिलाच.

मी सात अर्ज केले. पाच फर्मांनी उत्तरच दिलं नाही, दोघांनी जागा नाही म्हणून कळवलं. सातवा अर्ज वाया गेल्यावर कॉलेजातली एक मुलगी मला म्हणाली, "तुमचा अर्ज माझ्या बाबांना दाखवा एकदा."

ती उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये राहायची. फाळणीनंतर तिचं कुटुंब सिंधमधून आलं आणि लष्कराच्या जुन्या बराकीत त्यांना जागा मिळाली. वडील तिकडे तालुक्याच्या गावी वकिली करत. इकडे आल्यावर त्यांना मोतीबिंदूने गाठलं, त्यामुळे कोर्टात उभं राहणं जमेना. बराकीच्या पडवीत टेबल टाकून ते लोकांचे अर्ज लिहून देत. तिकडे राहिलेल्या घरादाराच्या भरपाईचे दावे, दुकानाच्या परवान्याची विनंती, असलं सगळं. अख्खा कॅम्प त्यांना वकीलसाहेब म्हणे, मीही तेच म्हणू लागलो.

अंबरनाथहून त्यांच्याकडे पायी अर्धा-पाऊण तास लागे. त्या वर्षी मी बहुतेक रविवार तिथेच काढले. गेल्यागेल्या तिची आई भाजलेला पापड आणि पाणी पुढे ठेवी. त्यांच्याकडची ती रीत. वकीलसाहेबांनी माझा अर्ज डोळ्यांजवळ धरून वाचला आणि म्हणाले, "पुट, बेटा, ये अर्ज नहीं, आरती है. सगळी स्तुती साहेबाची. तुला काय येतं ते कुठाय?"

मला जे येतं ते एका पानात बसत होतं, हे त्या दिवशी कळलं. मग त्यांनी मला आणि तिला एकत्रच शिकवायला घेतलं. जुने दस्तऐवज समोर टाकायचे आणि विचारायचे, कोण कुणाला काय देतंय, कधीपर्यंत, आणि नाही दिलं तर काय? ती माझ्याआधी उत्तर द्यायची. मसुदा माझ्यापेक्षा चांगला लिहायची. माझे दोन परिच्छेद ती दोन ओळींत आणायची, आणि त्या दोन ओळींतून काही सुटलेलं नसायचं. मला तिचा राग कधी आला नाही. पुढे जे झालं त्याला रागाचं निमित्त असतं तर स्वतःला समजावणं तरी सोपं गेलं असतं.

एकदा तिच्यासाठी स्थळ आलं. कॅम्पातच कापडाचं दुकान असलेलं घर. तिने नाही म्हटलं, आणि वकीलसाहेबांनीही तसाच निरोप धाडला. पुढच्या रविवारी तिनेच मला सांगितलं. "बाबांनी सांगितलं, मुलगी आधी सॉलिसिटर होणार, मग बघू. ते लोक म्हणाले, सॉलिसिटर म्हणजे काय? बाबा अर्धा तास समजावत होते." सांगताना ती हसत होती.

मी आणि तिने नव्याने अर्ज धाडले होते. त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी फोर्टमधल्या एका फर्मकडून आम्हा दोघांनाही पत्र आलं. एकच जागा होती आणि एकाच दिवशी बोलावलं होतं. आधी ती, मग मी. वकीलसाहेब तिच्यासोबत आले. तिला ते नको होतं. "तुम्ही घरीच थांबा," असं ती आदल्या दिवशीपासून सांगत होती. पण त्यांनी ठेवणीतला काळा कोट घातला आणि आमच्याबरोबर निघाले.

तिची मुलाखत बरीच चालली. शेवटी फर्मचे थोरले भागीदार स्वतः तिला दारापर्यंत सोडायला आले. तेवढ्यात वकीलसाहेब बाकावरून उठले आणि हात जोडून त्यांच्यासमोर उभे राहिले. इंग्रजीत म्हणाले, मी हिचा बाप. मीही वीस वर्षं वकिली केली आहे. हिला सगळं मीच शिकवलंय, काही कमी आढळलं तर दोष माझा समजा. साहेबांनी मान हलवली, दोन शब्द बोलले आणि मला आत यायची खूण केली. मी आत जाताना तिचा चेहरा पाहिला. ती शरमेने लाल झाली होती.

आत साहेबांनी मला भाडेपट्ट्यावर इंग्रजीतून प्रश्न विचारले. माझी उत्तरं ठीक होती, ठीकच. मग त्यांनी चष्मा काढून ठेवला.

"आत्ता गेली ती मुलगी तुमच्याच बाजूची ना? ओळखता?"

"हो. आम्ही एकत्र अभ्यास करतो."

"हुशार आहे. बापही माणूस सरळ दिसतो." ते पुढे म्हणाले, "अडचण एवढीच, की तीन वर्षं आम्ही शिकवायचं आणि मधेच लग्न होऊन ती निघून जायची. मुलीला हे तोंडावर विचारणं बरं दिसत नाही. तिचं काही ठरलंय का?"

बेसावधपणे बोलून गेलो असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. उत्तर द्यायच्या आधी मी टेबलावरचा पेपरवेट बघत होतो, आणि तेवढ्या वेळात मला सगळं दिसलं. त्या स्थळाला ती नाही म्हणाली होती ते दिसलं. वडिलांनी ऑफिसात सगळ्यांना माझ्या मुलाखतीचं सांगून ठेवलं होतं तेही दिसलं.

मी म्हणालो, "ठरतंय असं ऐकलंय, सर."

त्यांनी समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं. पुढे मला फारसं विचारलं नाही.

परतीच्या वाटेवर ती वडिलांशी बोलत नव्हती. कल्याण आलं तेव्हा एकदाच म्हणाली, "बाबा, तुम्ही कशाला मधे बोललात? भीक मागायला आलोत असं वाटलं असेल त्यांना." वकीलसाहेब खिडकीबाहेर पाहत राहिले. मी समोरच बसलो होतो. साहेब त्यांच्याबद्दल काय म्हणाले ते सांगितलं असतं तरी पुरलं असतं. पण ते सांगितलं असतं तर तिने विचारलं असतं, आणखी काय म्हणाले?

आठ दिवसांनी मला जागा मिळाल्याचं पत्र आलं. तिला नकार आला. रविवारी मी पेढे घेऊन कॅम्पात गेलो. न जाणं त्याहून वाईट दिसलं असतं. वकीलसाहेबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तुझं झालं, माझा अर्धा घोडा तरी गंगेत न्हाला," म्हणाले. मग हळू आवाजात, "हिचं माझ्यामुळे गेलं. म्हातारपणी जिभेला आवर राहत नाही."

"तसं काही नसेल, वकीलसाहेब," मी म्हणालो.

आतून तिचा आवाज आला. "तसंच आहे."

त्यानंतर माझं तिकडे जाणं कमी झालं आणि मग थांबलं. कामाचं निमित्त होतंच. सकाळी निघायचो, दिवे लागल्यावर परत यायचो. फर्ममध्ये मी मन लावून शिकलो. थोरल्या साहेबांनी एकदा माझ्या मसुद्याचं कौतुक केलं आणि विचारलं, हे कुठे शिकलात? मी कॉलेजचं नाव सांगितलं.

तिच्याबद्दल कानावर येई. आणखी दोन फर्मांत तिने प्रयत्न केला, नंतर सोडला. कल्याणच्या कोर्टात तिने वकिली सुरू केली. वकीलसाहेबांनी दुसऱ्यांचे अर्ज लिहिणं चालू ठेवलं, पण तिच्या कुठल्याही कागदाला पुन्हा हात लावला नाही. नंतर ते वारल्याचं कळलं. मी भेटायला गेलो नाही. पत्र लिहिलं, तेही चार ओळींचं.

त्यानंतर वर्षभराने फर्मच्या एका कामासाठी मला कल्याणला जावं लागलं. समोरच्या बाजूला ती होती. बदलापूरजवळ जांभूळच्या एका शेतकऱ्याची जमीन आमच्या अशिलाने घेतली होती आणि हद्दीचा वाद होता. तिने केलेला अर्ज मी आदल्या दिवशी वाचला होता. एका पानाचा होता, आणि त्याला आमच्याकडे उत्तर नव्हतं. त्या दिवशी तारीख पडली. ती बाहेर व्हरांड्यात कागद बांधत होती. मी जवळ गेलो. वकीलसाहेबांबद्दल बोलायला म्हणून गेलो होतो, ते बोलता बोलता मुलाखतीतलं सगळं बाहेर आलं. साहेबांचा प्रश्न, माझं उत्तर. काही वगळलं नाही.

तिने ऐकून घेतलं. विचारलं ते एवढंच, "बाबांबद्दल ते काय म्हणाले? जसंच्या तसं सांगा. इंग्रजीत."

मी सांगितलं. तिने ते पुन्हा म्हणायला लावलं.

"तुमच्यामुळे माझं गेलं, हे मी बाबांना ते जाईपर्यंत ऐकवत होते," ती म्हणाली. "मी रागावले की तेच काढायचे." मग तिने कागदांची दोरी आवळली. "माझ्या आईला सांगायला चला. आत्ता. तिलाही तेच वाटतं."

मी गेलो. बराकीत त्यांनी मधे विटांची भिंत घालून स्वयंपाकघर वेगळं केलं होतं, बाकी सगळं तसंच. तिची आई तांदूळ निवडत होती. मी मराठीत सांगत होतो आणि ती सिंधीत आईला समजावत होती. लग्नाच्या वाक्यापाशी मी अडखळलो, तर ती म्हणाली, "बोला, मी थांबलेय." म्हातारी ऐकताना तांदूळ निवडतच होती. वकीलसाहेबांबद्दलचं साहेबांचं वाक्य तिला कळलं तेव्हा तिचा हात थांबला. मग सिंधीत ती मुलीला काहीतरी म्हणाली. बरंच लांब बोलली. मुलीने मान खाली घातली.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"ते तुमच्यासाठी नव्हतं," ती म्हणाली.

मी उठलो. कुणी थांबा म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. पुढे ती आणि मी कोर्टात पाच-सहा वेळा तरी समोरासमोर आलो. ती कामापुरतं बोलायची, नीट बोलायची. जांभूळच्या त्या शेतकऱ्याविरुद्धची केस आम्ही हरलो. निकालानंतर मी तिचं अभिनंदन करायला गेलो, तोवर ती अशिलाला घेऊन निघून गेली होती.